चिऱ्याची भिंत आणि केसरबाई

गेल्या चवथीला पेडण्याच्या घरी पोचलो, तर आतल्या खोलीत छोटा रेडिओ खरखरत होता. "ती पेटी का बंद?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "आवाज बरो आसा, पूण मदींच स्वास घेता."

ती पेटी म्हणजे स्ट्रीमर, मीच आणून दिलेला. बाबांचे हात हल्ली थरथरतात, तबकडीवर सुई ठेवणं जमत नाही. म्हणून त्यांच्या जुन्या सोनोडाइन ॲम्प्लिफायरला तो जोडला, फोनवरून गाणं लावायला शिकवलं आणि पुण्याला परतलो. गाणं अडखळतं असं त्यांनी दोनदा फोनवर सांगितलं. पहिल्यांदा मी १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा केला, दुसऱ्यांदा कुरिअरने रिपीटर पाठवला. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलंच नाही, ऐकणं सोडून दिलं. दिवसभर लोकांचं नेटवर्क सांभाळणाऱ्या मुलाला हे चवथीला कळावं!

सीडीच्या दर्जाच्या संगीताला दाबून लहान न करताही सेकंदाला जेमतेम १.४ मेगाबिट लागतात. म्हणजे १०० सुद्धा भरपूर होते. लॅपटॉप ॲम्प्लिफायरशेजारी ठेवून मी बाहेरचं इंटरनेट सोडून घरच्याच राउटरला हाका मारत बसलो. एक उत्तर ३ मिलिसेकंदांत, पुढचं ४०० मध्ये, त्यापुढचं गायब. राउटर वसरीवर, गाणं आतल्या खोलीत आणि मध्ये चिऱ्याच्या दोन जाड भिंती, त्याही पावसाने ओल्या. ५ गिगाहर्ट्झ पहिल्याच भिंतीपाशी संपायचं, २.४ लंगडत पोचायचं. रिपीटर बाबांनी ॲम्प्लिफायरजवळच लावला होता (कुठे लावायचा हे मी सांगितलंच नव्हतं). त्याच्याच कानावर तुटकं येत होतं, तो तेच पुढे सांगत होता.

बाबांच्या आवडत्या केसरबाई केरकर. केरीच्या, पण आमच्या पेडण्यातल्या नव्हे, फोंड्यातल्या. १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर यानांवर त्यांची भैरवी आहे, ती आंतरतारकीय अवकाशात पोचली. आमच्या वसरीवरून आतल्या खोलीत मात्र तिला येता येईना.

मग मी आणि चुलतभाऊ माळ्यावर चढलो. कौलांखालून, वाशांना बांधत, विजेच्या तारेपासून दूर ठेवून २२ मीटर साधी कॅट-६ केबल ओढली. तांब्याची ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. 'खास संगीतासाठी' म्हणून मिळणाऱ्या महागड्या नेटवर्क केबलवर माझा विश्वास नाही. वाटेत हरवलेला आकडा पुन्हा मागवला जातो, तो अधिक गोड होऊन येत नाही. त्याऐवजी राउटरला छोटा बॅटरी बॅकअप घेतला, कारण पावसात वीज जातेच. ढग गडगडले की बाबा सगळे प्लग उपटतात. त्यावर मी पूर्वी हसायचो, आता नाही.

डिचोलीला मामाकडे तर अंगणापलीकडच्या खोलीत नेट न्यायचं होतं. उघड्यावरून तांब्याची तार नेली की विजेच्या कडकडाटात दोन्हीकडची यंत्रं धोक्यात येतात, म्हणून तिथे फायबर टाकली. मामा अजून विचारतो, "एवढीशी तार, आणि तिला एवढे पैसे?"

चवथीच्या धांदलीत केबल जोडून झाली, पण ऐकायला वेळ मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मला जाग आली ती भैरवीने. बाबांनी स्वतःच लावली होती, आवाजही जरा मोठाच ठेवला होता. संपली तशी पुन्हा लागली.