रंग उतरविताना

संस्थेच्या स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने काही लिहावे, असा निरोप आला तेव्हा पहाटेच्या वंदनेबद्दल, भन्तेजींच्या धम्मवर्गाबद्दल किंवा वसतिगृहातील पिठल्याबद्दल लिहावे, असे प्रथम सुचले. त्या विषयांवर यापूर्वी पुष्कळांनी लिहिले आहे, आणि आमच्यापेक्षा चांगले लिहिले आहे. आम्ही मात्र हस्तकला कक्षातील कपाटाच्या तळच्या खणात ठेवलेल्या नऊ प्लास्टिकच्या मोटारींविषयी लिहीत आहोत. त्या प्रकरणात आम्ही नववीत असताना कसे वागलो, हे आमच्या सरांखेरीज फारसे कोणास ठाऊक नाही.

इंग्लंडहून आलेल्या एका पाहुण्यांनी या मोटारी शाळेस भेट दिल्या होत्या. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या, वीतभरही न भरणाऱ्या. मूळचे प्लास्टिक पांढरे. दारांच्या फटी, काचांच्या चौकटी, पुढची जाळी, सारे केसाएवढ्या बारीक रेषांनी उठविलेले. परंतु आमच्याआधीच्या प्रत्येक तुकडीने त्या आपल्या हौसेप्रमाणे रंगविल्या होत्या, आणि रंग कोणता, तर शाळेची दारे-खिडक्या रंगवून डब्यात उरलेला ऑइल पेंट. हिरव्यावर निळा, निळ्यावर पिवळसर, आणि सर्वांवर जयंतीच्या कमानीचा निळा. थरावर थर चढून रेषा बुजल्या होत्या. गाडी पाकात बुडवून काढल्यासारखी दिसे. वार्षिक प्रदर्शनापूर्वी त्या मूळ रूपात आणाव्यात, असे सरांनी सांगितले आणि काम आम्हा पाच जणांवर सोपविले.

प्रथम टर्पेंटाइन लावून पाहिले. दोन दिवस घासूनही चिंधी तेवढी निळसर झाली. पुढे शिक्षण घेताना कारण कळले. ऑइल पेंट नुसता वाळत नाही. तो हवेतील ऑक्सिजन घेतो आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. वर्षे जातील तसतसा तो अधिकच कठीण होत जातो. डब्यातला रंग ज्या टर्पेंटाइनने पातळ होतो, तेच टर्पेंटाइन भिंतीवरच्या जुन्या रंगापुढे हात टेकते. त्या वेळी आम्हांला एवढेच दिसत होते की प्रदर्शनाला बारा दिवस उरले आहेत.

आमच्यातील एकाचे वडील तालुक्याच्या गावी हमरस्त्यालगतच्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगचे काम करीत. प्रवेश-अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने केवळ 'व्यवसाय' असे लिहिले होते, आणि वडील भेटीस आले की तो त्यांना आमच्यात न आणता विहारामागच्या चिंचेखाली घेऊन बसे. त्याने घरून थिनरची बाटली आणली. आणण्याची युक्ती त्याची, हे खरे. पण ओतण्याची घाई आम्हां पाचांची होती. एका गाडीच्या टपावर आम्ही थिनर ओतले. रंग सुटला, तसा आम्ही जल्लोष केला. क्षणभराने टपच चिकट झाला. कोणीतरी बोटाने चाचपून पाहिले, तो बोट आत रुतले. मोटारीच्या रंगकामात वापरतात ते थिनर अशा प्लास्टिकलाच विरघळवते, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

सरांनी विचारले, "हे कोणी केले?" आम्ही काही बोललो नाही. फक्त चौघांनीही त्याच्याकडे पाहिले. बाटली त्याच्या पेटीत सापडली, आणि अधीक्षकांनी त्याचे मैदानावर जाणे आठवडाभर बंद केले. रोज सकाळी पंचशील घेताना चौथे शील आम्ही मोठ्याने म्हणत होतो. आपण खोटे बोललेलोच नाही, असे आम्ही एकमेकांस समजावीत होतो, आणि ते अक्षरशः खरेही होते.

रविवारी त्याचे वडील आले. सरांनी त्यांना चिंचेखालून उठवून थेट हस्तकला कक्षात आणले. नखांच्या कडांना राखाडी प्रायमर होता. त्यांनी ती बिघडलेली गाडी हातात घेतली, बराच वेळ उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "पोरांनो, थिनर लोखंडासाठी. ह्याला ते खातं." मग थोडे थांबून, "ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं की आम्हांला धडकी भरती. रंग फुगून वर येतो. तेच इथं कामाला लावू. पण प्लास्टिकला काय करतं ते मला ठावं नाही, म्हणून आधी ह्या बिघडलेल्या गाडीवर बघू."

पुढच्या रविवारी ते ब्रेक ऑइलचा डबा, रबरी हातमोजे आणि झाकणाचे बादलीवजा भांडे घेऊन आले. बिघडलेली गाडी रात्रभर बुडविली. सकाळी प्लास्टिक जसेच्या तसे होते आणि निळा थर सुरकुतून सायीसारखा सुटला होता. मग उरलेल्या आठ गाड्या, काचा व चाके काढून, एकामागून एक बुडविल्या. कोणाला एक दिवस पुरला, कोणाला तीन लागले. काढलेली गाडी साबणाच्या पाण्यात धरायची आणि जुन्या दातांच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासायची. काकांची सक्त ताकीद अशी की टोकदार खिळा कोणी हातात धरायचा नाही. दाराची पहिली फट उघडी पडली तेव्हा आम्ही सारे वाकून पाहत राहिलो. एका गाडीचे डिंकाने जोडलेले पुढचे तोंड निखळले, आणि दोघींच्या अंगावर हिरवी झाक राहिली, ती अखेरपर्यंत गेली नाही. वापरलेले तेल मोरीत ओतू दिले नाही; काका ते डब्यात भरून परत घेऊन गेले.

निघताना त्यांनी सरांपुढे हात जोडले. "सर, पोरगं घाई करतं. त्याच्या वतीनं माफी मागतो." आमच्याकडे वळून म्हणाले, "ह्याच्यावर लक्ष ठेवा रे."

आपला मुलगा एकटाच चुकला, असे त्यांना वाटत होते. मुलाने घरीही आमची नावे सांगितली नव्हती.

त्याच रात्री आम्ही चौघे सरांच्या खोलीवर गेलो. जे सांगायचे ते एकाच वाक्याचे होते, पण ते कोणी सुरू करावे यावर दारात बराच वेळ गेला. सरांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे मला सांगितलेत, ठीक. त्याला सांगितलेत का?" सकाळी नळावर तो गाडी घासत होता. आम्ही सांगितले. त्याने वर पाहिले नाही. "तो बारीक ब्रश दे," एवढेच म्हणाला. त्या दिवसापासून मैदानावर जाणे आम्ही चौघांनीही आठवडाभर बंद ठेवले; अधीक्षकांनी तसे सांगितलेले नव्हते.

प्रदर्शनात नऊ गाड्या मांडल्या, नववीही. तिच्यापुढच्या पुठ्ठ्यावर पाचही नावे होती. प्रयोग कसा केला, हे पाहुण्यांना समजावून सांगण्यासाठी काकांना बोलाविले होते. ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले आणि दिवसभर टेबलामागे उभे राहिले. त्यांना लोकांपर्यंत नेऊन "हे माझे वडील, गॅरेजात रंगकाम करतात" असे सांगणारा मुलगा त्यांच्या शेजारीच होता.

गेल्या मेळाव्यात आम्ही कपाट उघडून घेतले. आठ गाड्यांवर पुन्हा नवे रंग चढले आहेत, बहुतेक पुन्हा ऑइल पेंटच. नववी मात्र पांढरीच आहे. तिच्या टपावरच्या खळग्यात बोट अजूनही नेमके बसते.