पाणचक्कीचा फोटो काढताना

औरंगाबादच्या पाणचक्कीत बहुतेक फोटो एकाच जागी निघतात. मागे उंच भिंतीवरून कोसळणारं पाणी, समोर हौज, मध्ये आपण. यंदा आम्ही शिक्षकांनी मुलांना नेलं तेव्हा अट घातली: पहिली 20 मिनिटं मोबाइल दप्तरात. आधी हे पाणी येतं कुठून, ते शोधा.

मुलं कुरकुरली. मग विचारू लागली, पाणी भिंतीच्या माथ्यावर चढतंच कसं? ते लांबच्या डोंगरातल्या झऱ्यापासून मातीच्या नळांतून आणलेलं. उगम उंचावर, म्हणून स्वतःच्याच दाबाने भिंतीत वर चढतं. शहरात नहरींची ही रीत मलिक अंबरपासूनची. पंप नाही, वीज नाही.

पुढे जातं. बुखाऱ्याकडून आलेले नक्षबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांची खानकाह याच आवारात होती. तिथले फकीर, विद्यार्थी, वाटसरू यांच्या रोटीचं पीठ इथे पाण्याच्या जोरावर दळलं जाई. आपण ज्याला धबधबा समजून फोटो काढतो, ते खरं तर स्वयंपाकघराचं काम होतं! हे ऐकून धबधब्याकडे पाठ करून उभी असलेली एक मुलगी वळली आणि बराच वेळ जात्याकडे बघत राहिली.

सूरह अल-गाशियामध्ये उंट, आकाश, डोंगर, जमीन यांच्याकडे पाहायला सांगितलं आहे. सगळ्या रोजच्याच गोष्टी. आमच्या वर्गात हा अर्थ अनेकदा सांगून झाला होता. हौजाखालच्या दालनात तो मुलांना जास्त कळला असावा. त्या दालनाचं छत म्हणजेच हौजाचा तळ. बाहेर रणरणतं ऊन, आत गारवा. फोटो काळपट आले, आणि गारवा काही फोटोत येत नाही.

मग मोबाइल बाहेर निघाले, प्रत्येकाला तीनच फोटो. नमाज पढणाऱ्यांचे, अनोळखी बायकांचे काढायचे नाहीत, हे आधीच बजावलं होतं. कुणी वडाची मुळं टिपली, कुणी भिंतीवरचं शेवाळ, कुणी जात्याचा दगड. तीनच असल्यामुळे बटण दाबण्याआधी मुलं थांबत होती, दोन पावलं मागे सरकत होती.

बाहेर पुलावर आलो. खाली खाम नदी. तिचं पाणी काळं, नाक धरावं असा वास. तिथे कुणीच फोटो काढत नव्हतं. आमच्यातल्या चौघांचा एकेक फोटो शिल्लक होता. त्यांनी तो तिथे काढला.