उंचावरून दिसलेले घर

थोरलीच्या पहिल्या वर्षाच्या पगारातून आमच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या, दुसऱ्या वर्षी पुढची पडवी झाली आणि तिसऱ्या वर्षापासून धाकट्याच्या कॉलेजची फी भरली जाऊ लागली. ती कुवेतमध्ये परिचारिका होती. खानापूर तालुक्यातील आमच्या भागात, परदेशी गेलेल्या लेकीच्या कष्टांवर उभी राहिलेली घरे पुष्कळ आहेत. म्हणून त्यात आम्हांस काही विशेष वाटत नसे. वाटावयास हवे होते, हे समजण्यासाठी आम्हांस करमणुकीच्या एका उद्यानात जावे लागले.

सन 2014 च्या नाताळास ती घरी आली, ती मनाशी एक बेत ठरवूनच. म्हणाली, ‘‘बाबा, या खेपेस गवंड्याला बोलवायचे नाही. आपण चौघांनी मिळून कुठे तरी जायचे आणि हॉटेलात राहायचे.’’ स्थळ धाकट्याने सुचविले. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका नावाचे मोठे क्रीडोद्यान 18 एप्रिल 2013 रोजी उघडले होते. चित्रपटव्यवसायात नाव मिळविलेले मनमोहन शेट्टी यांनी ते उभारले होते.

तिकिटाची रक्कम ऐकताच आम्ही मनात मजुरीचे दिवस मोजू लागलो. मागल्या खोलीवरची कौले जुनी झालेली, वासे बदलावयाचे राहिलेले. त्या पैशांत निम्मे काम झाले असते. आम्ही तसे बोलूनही दाखविले. तेव्हा मुलांची आई एवढेच म्हणाली, ‘‘तिने आजवर कधी काही मागितले आहे का?’’ या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

रात्रीच्या बसने पुणे गाठले व तेथून घाट उतरून खोपोलीस आलो. खोपोली म्हणताच आमच्यातील जुना विज्ञानशिक्षक जागा झाला. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतील पाणी मोठमोठ्या नळांवाटे घाटाखाली आणून टाटांनी येथे 1915 साली वीजकेंद्र सुरू केले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पाणी उंचावर असते तोवर शक्ती त्याच्या ठायी साठून राहते आणि खाली पडताना ती प्रकट होते, हे आम्ही मुलांस समजावून देऊ लागलो. धाकट्याने बहिणीकडे पाहून डोळे मिचकाविले, आणि आम्ही धडा आवरता घेतला.

हॉटेलात आमची पहिली फजिती झाली. खोलीस किल्लीऐवजी एक पत्रा-कार्ड मिळाले होते. दार उघडले, परंतु दिवा काही लागेना. आम्ही चौघेही अंधारात पलंगावर बसून राहिलो. अखेर तेथील पोऱ्याने येऊन ते कार्ड भिंतीवरील खाचेत घातले, तेव्हा कुठे खोली उजळली. रात्री घरून आणलेल्या भाकऱ्या व लसणाची चटणी यांवरच आम्ही जेवण उरकले.

सकाळी मुलांच्या आईने उठताच सगळ्या चादरी झटकून घड्या केल्या, उशा नीट रचल्या. थोरली हसून म्हणाली, ‘‘आई, हे काम करायला इथे माणसे असतात.’’ आई म्हणाली, ‘‘असू देत. त्या पोराचीही आई कुठे तरी असेलच.’’ थोरली एकाएकी गप्प झाली. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, ‘‘चार वर्षे मी दुसऱ्यांची अंथरुणे घालते आहे. माझे कोणी घातले, ते आज.’’ आम्ही ते ऐकले, परंतु त्यावर विचार केला नाही. उद्यानाची वेळ होत आली होती.

उद्यानात शिरल्यावर मात्र आमचे सारे हिशेब मागे पडले. राजासॉरस नावाच्या जलसफरीत महाकाय सरडा अंगावर धावून येतो. मुले किंचाळत होती, आणि आम्ही सांगत होतो की हा प्राणी केवळ कल्पनेतला नव्हे; गुजरातेत बालासिनोरजवळ राहिओली येथे सापडलेल्या अस्थींवरून 2003 साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन करून त्यास हे नाव दिले. शेजारच्या नावेतील दोन अनोळखी मुले मान वळवून ऐकू लागली, याचा आम्हांस थोडा अभिमानही वाटला.

दुपारी ‘आय फॉर इंडिया’ नावाच्या खेळास गेलो. येथे आसने वर उचलली जातात, पाय अधांतरी लोंबतात, आणि समोरच्या प्रचंड पडद्यावर आपला देश पक्ष्याच्या नजरेने दिसू लागतो. डोंगर, नद्या, किल्ले पायांखालून सरकत होते. मुलांच्या आईने त्यापूर्वी बेळगाव सोडले तर काहीच पाहिले नव्हते. तिने लेकीचा हात घट्ट धरला होता. चित्र संपत आले तेव्हा तिने हळूच विचारले, ‘‘यात कुवेत दिसते का ग?’’ आजूबाजूचे लोक हसले. थोरली हसली नाही.

त्यानंतर दोघे भावंडे ‘नायट्रो’ नावाच्या रोलर कोस्टरवर चढली. त्याची उंची सुमारे 40 मीटर. आमच्या चर्चचा मनोरा त्यापुढे लहान वाटावा. बसणाऱ्याच्या पायांखाली फळीसुद्धा नसते. आम्ही उभयता खाली कठड्यापाशी उभे राहिलो. साखळीने डबे सावकाश वर ओढले जात होते. शिखरावर पोचेपर्यंतच काय ते ओढणे; पुढे गाडीस इंजिन नाही. पुढच्या साऱ्या गिरक्या, सारी उलथापालथ, त्या एका चढावर मिळविलेल्या उंचीच्या बळावर होते. घर्षणात थोडी थोडी शक्ती खर्च होत जाते, म्हणून पुढचे चढ पहिल्याइतके उंच ठेवता येत नाहीत. हे सारे आम्हांस पाठ होते. परंतु त्या दिवशी डब्यांऐवजी आमची दृष्टी साखळीवर खिळली. आमचे घर, पडवी, धाकट्याचे शिक्षण, सारे काही असेच वर ओढले गेले होते. आणि ओढणारीस, ‘तू दमलीस का?’ असे आम्ही एकदाही विचारले नव्हते.

गाडी थांबली. थोरली केस विस्कटलेल्या स्थितीत उतरली आणि खळखळून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, ते थांबेना. ते वाऱ्यामुळे नव्हते, हे तिच्या आईने आमच्या आधी ओळखले.

रात्री हॉटेलातील त्या खोलीत सगळे बोलणे झाले. जानेवारीअखेर तिला पुढील दोन वर्षांच्या करारावर सही करावयाची होती. तिला ती करावयाची नव्हती. परंतु मागल्या खोलीचे छप्पर व भावाचे शेवटचे वर्ष यांचा विचार करून ती करणारच होती. सहलीचा बेतही याचसाठी होता: पुन्हा जाण्यापूर्वी दोन दिवस सर्वांबरोबर मिळावेत. ती म्हणाली, ‘‘तिथे बसमधून जाताना असली उद्याने मी पुष्कळ पाहिली. पण आत कधी गेले नाही. एकटीने काय जायचे?’’

धाकटा खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, ‘‘ताई, माझी फी मी बघेन.’’ आम्ही म्हणालो, ‘‘बाळ, सही करू नकोस.’’

‘‘आणि कौले?’’

‘‘आजोबांच्या वेळची आहेत. आणखी थोडे दिवस टिकतील.’’

ती लगेच ‘हो’ म्हणाली नाही. सुटी संपल्यावर जुन्या कराराचे उरलेले दिवस भरण्यासाठी ती परत गेली, आणि 2015 च्या ईस्टरच्या सुमारास कायमची घरी आली. बेळगावच्या एका रुग्णालयात तिला काम मिळाले. पगार पूर्वीच्या निम्माही नाही. धाकट्याने शेवटचे वर्ष सकाळी वर्तमानपत्रे टाकून व सायंकाळी शिकवण्या घेऊन काढले. त्याने त्याचे काही बिघडले नाही. उलट तो शहाणा झाला.

पुढे त्या उद्यानाशेजारीच मोठे हॉटेल उघडल्याचे आम्ही वाचले. ज्यांस शक्य असेल त्यांनी अवश्य जावे. खर्च व्यर्थ जात नाही, असे आता आम्ही म्हणतो. मात्र जाताना घरातील कमावत्या माणसास बरोबर न्यावे आणि त्याचा चेहरा नीट पाहावा.

मागल्या खोलीवर अजून तीच कौले आहेत. आषाढात दोन ठिकाणी गळते, म्हणून खाली पातेली ठेवावी लागतात. तो टपटप आवाज ऐकत आम्ही जेवावयास बसतो, आणि थोरलीचे ताट आमच्या ताटाशेजारी मांडलेले असते.