मामाचं होल्स्टर

परवा शनिवारी दुपारी मामाचा फोन. "अरे, तुमच्या त्या इंटरनेटवर बघून मला एक चांगलं होल्स्टर सुचव. रोज लावता येईल असं." मला आधी वाटलं मोबाईलचं. मामाच्या कमरेला कित्येक वर्षं ते काळं चामडी पाकीट असायचं, चुंबकाचं झाकणवालं. आठवतंय ना? पण नाही. मामाला त्याच्या रिव्हॉल्व्हरसाठी हवं होतं.

हो, माझ्या मामाकडे रिव्हॉल्व्हर आहे. लायसन्सचं. भाईंदर पूर्वेला त्याचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे. डबे, पातेली, परात वगैरे. २००६ साली लायसन्स घेतलं तेव्हा कारण साधं होतं. दर शनिवारी कामगारांचा पगार रोख व्हायचा, आणि मामा बँकेतून पिशवी घेऊन एकटा रिक्षाने यायचा. हत्यार कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं, .३२ बोअर, सहा गोळ्यांचं. मधून मोडून उघडतं, जुन्या इंग्रजी वेब्लीसारखं. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. लायसन्स मिळालं ठाण्याच्या कलेक्टर ऑफिसातून. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरारचं वेगळं पोलीस आयुक्तालय झालं आणि फाइल तिकडे गेली.

मी कोडिंग करणारा माणूस. बंदुकीतलं ज्ञान सिनेमापुरतं. पण "इव्हॅल्युएशन" म्हटलं की आमचे हात शिवशिवतात. ऑफिसात एक डेटाबेस निवडायला आम्ही तीन आठवडे आणि दोन एक्सेल शीट घालवतो, मग मामाच्या होल्स्टरला एक वीकेंड काय जास्त? बसलो रात्री व्हिडिओ बघत.

सगळे व्हिडिओ अमेरिकेतले. सहा फुटी माणूस, अंगात जाकीट, उतरतो कुठे तर स्वतःच्या पिकअप ट्रकमधून. आमचा मामा पाच फूट चार इंच, पोट सुटलेलं, मे महिन्यात सुती बुशशर्ट, आणि बसतो शेअर रिक्षात तिसरा. आणखी एक गंमत. तिकडे बऱ्याच राज्यांत दोन प्रकार असतात, उघडं बाळगायचं की झाकून, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. आपल्याकडे आवडीचा प्रश्नच नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत लिहिलंय की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर अंगावरच्या होल्स्टरमध्ये नाहीतर तशा बॅगेत असलं पाहिजे, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे, आणि ते बाळगणाऱ्याच्या ताब्यात राहिलं पाहिजे. लग्नात कमरेला लावून मिरवणारे काका बघितले असतील तुम्ही. ते फक्त आगाऊपणा करत नसतात, नियमही मोडत असतात.

रविवारी सकाळी भाईंदरला पोचलो. मामाने टेबलावर चार नग मांडून ठेवले होते. पहिलं डीलरकडून मिळालेलं जुनं चामड्याचं, झाकण आणि पितळी बटण असलेलं. दुसरं ऑनलाइन मागवलेलं नायलॉनचं, "सर्व मॉडेल्ससाठी". तिसरं पँटच्या आत खोचायचं, जाड चामड्याचं. चौथी सरळ कमरेची बॅग, यात्रेकरूंची असते तशी.

मी एक अट घातली. गोळ्या आतल्या खोलीत, स्टीलच्या डब्यात, आणि डबा मामीजवळ. मामाने रिव्हॉल्व्हर मोडून दाखवलं, सहाही घरं रिकामी. मी पुन्हा दाखवायला लावलं. मी स्वतः त्याला हात लावणार नव्हतो, लायसन्स मामाच्या नावावर आहे. मी वही आणि पेन.

जुनं चामड्याचं पाचच मिनिटांत बाद. खाडीच्या हवेत चामड्याला पांढरी बुरशी धरली होती. कडेच्या काड्यांत खोचलेल्या जुन्या गोळ्यांच्या पितळेवर हिरवा थर. चामडं ओल धरून ठेवतं, म्हणून हत्यार त्यात कायमचं ठेवायचं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. मामाला वीस वर्षांत कळलं नव्हतं :)

नायलॉनवाल्याने मात्र घाबरवलं. बाहेर काढलं की त्याचं तोंड मिटतं. परत घालायचं तर डाव्या हाताने तोंड उघडून धरायला लागतं, म्हणजे नळी स्वतःच्या बोटांवरून जाते. शिवाय कापड इतकं मऊ की बाहेरून दाबलं तर चाप हाताला लागतो. होल्स्टरचं मुख्य काम शोधलं तर हेच निघतं. चाप कडक आवरणाखाली पूर्ण झाकलेला पाहिजे. दिसणं, लपणं, झटकन निघणं हे सगळं नंतर. हिरोचं खांद्याला आडवं लटकवायचं होल्स्टर असतं ना, त्यात नळी मागच्या माणसाकडे रोखलेली असते. भाईंदर स्टेशनच्या तिकिटाच्या रांगेत हे चित्र डोळ्यासमोर आणून बघा.

कमरेची बॅग मामाला आवडली होती. पण बॅग माणूस काढून ठेवतो. हॉटेलात खुर्चीवर, देवळात चपलांपाशी. नियमातलं ते "ताब्यात" बॅगेच्या बाबतीत किती वेळ टिकेल, कोण जाणे.

उरलं तिसरं. जाड चामडं, तोंड उघडंच राहतं, उलटं करून हलवलं तरी हत्यार पडत नाही, आणि अंगाच्या बाजूला घामासाठी जास्तीचा पट्टा. पट्टा म्हटल्यावर आठवलं, मामाचा कमरपट्टा इतका नरम होता की सगळं बाहेरच्या बाजूला झुकायचं आणि शर्टातून मूठ दिसायची. म्हणजे होल्स्टर घेताना पट्टाही घ्यायला लागतो. हे कोणी सांगत नाही.

एवढ्यावर रिपोर्ट लिहून मी घरी जाऊ शकलो असतो. पण मामा म्हणाला होता "रोज". आणि रोजचं टेस्टिंग टेबलावर होत नाही. मग एक युक्ती केली. गाळ्यावर वजनकाटा आहेच. सातशे ग्रॅम पत्र्याचे तुकडे मोजून फडक्यात घट्ट बांधले, ते होल्स्टरमध्ये कोंबले, आणि मामाला म्हटलं, "आठवडाभर हे लाव. खरं लॉकरमध्ये. जितक्या वेळा कमरेवरून काढशील तितक्या वेळा वहीत रेघ मार, आणि कुठे काढलंस ते लिही."

मामा प्रामाणिक माणूस आहे. सहा दिवसांत अडतीस रेघा.

सगळ्यात जास्त संडास-बाथरूम. मामाला डायबेटिस आहे, त्यामुळे हा आकडा मोठाच. आणि काढून ठेवायचं कुठे? फ्लशच्या टाकीवर, खुंटीला, एकदा गाळ्याच्या बाहेरच्या खिडकीत. मग दुपारची झोप, बँक, देऊळ, फिजिओथेरपी, न्हावी. अडतीस वेळा काढलं म्हणजे अडतीस वेळा परत लावलं. आठवड्यात शहात्तर वेळा हाताळणी, आणि जवळजवळ वीस वर्षांत प्रत्यक्ष वापरण्याची वेळ शून्य.

आता १ ऑक्टोबर २०२४ ची बातमी आठवा. गोविंदा पहाटे कलकत्त्याला निघायच्या तयारीत होता. जुहूच्या घरी स्वतःचं लायसन्सचं रिव्हॉल्व्हर ठेवून देताना गोळी सुटली आणि पायात गेली. आपण सगळ्यांनी विनोद फॉरवर्ड केले, मीपण केले. पण तिथे चोर नव्हता, भांडण नव्हतं. ठेवून देणं, एवढंच चाललं होतं. आणि त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला, आमच्यापासून दोन स्टेशनं पलीकडे बोरिवलीच्या आयसी कॉलनीत अभिषेक घोसाळकरांवर फेसबुक लाईव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या लायसन्सचं नव्हतं, त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचं होतं, असं पोलीस तपासात पुढे आलं. कमरेवर नसताना हत्यार कुठे असतं, हा प्रश्न मला तेव्हा सुचलाही नव्हता.

वहीत एक रेघ वेगळी होती. पुढे लिहिलं होतं, "सई". सई मामाची नात, साडेचार वर्षांची. आजोबा गाळ्यावरून आले की धावत येऊन मिठी मारते, आणि तिचं डोकं बरोब्बर कमरेच्या उंचीला येतं. पत्र्याचं गाठोडं कपाळाला लागलं, टेंगूळ आलं. मामाने ते लिहिलं, पण त्यावर बोलला नाही.

मामी बोलली. चहा देताना हळूच म्हणाली, "तुला त्यांनी सांगितलं का, हे रोजचं खूळ कुठून आलं ते?" नव्हतं सांगितलं. दीड महिन्यापूर्वी उधारीच्या पैशांवरून एक जण दोन माणसं घेऊन गाळ्यावर आला होता. आवाज चढवला, कॉलरला हात घातला, कामगारांसमोर. मामा घरी येऊन जेवला नाही. पोलिसात जाऊया म्हटलं तर म्हणे, धंद्यात असं चालतं. आणि दुसऱ्या आठवड्यापासून होल्स्टर.

च्यायला, म्हणजे मी ज्याला रिक्वायरमेंट समजत होतो ती ही नव्हतीच.

संध्याकाळी गच्चीवर मी विषय काढला. पगार आता रोख कुठे असतो, नोटाबंदीनंतर सगळा बँकेतूनच जातो, शनिवारची पिशवी संपून जमाना झाला. मामाला हे माहीत होतं. "त्या दिवशी कमरेला असतं तर?" तो म्हणाला. मी विचारलं, "असतं तर काय केलं असतंस?" तो बराच वेळ समोरच्या टॉवरकडे बघत बसला. मग म्हणाला, "शर्ट वर उचलला असता. फक्त दाखवायला." मग स्वतःच म्हणाला, "आणि तिघं होते. धक्काबुक्की चालली होती."

मी काही बोललो नाही. मामाचा उजवा अंगठा हल्ली आखडतो, फिजिओ त्यासाठीच चालू आहे, हे दोघांनाही माहीत होतं. ते म्हणायची गरज नव्हती.

सोमवारी मामा, मामी आणि मी पोलीस स्टेशनला जाऊन एनसी नोंदवून आलो. हवालदारांनी नाव लिहून घेतलं, नंबर घेतला, "बोलावून घेतो" म्हणाले. गाळ्याच्या दारावर आता दोन कॅमेरे लावलेत, त्यांचं ॲप मी मामाच्या फोनवर टाकून दिलंय आणि मामा ते दिवसातून शंभरदा उघडतो. असो, एक खूळ जाऊन दुसरं आलं.

होल्स्टरचा रिपोर्टही दिला मी, काम घेतलं होतं ना. तिसरं पास. सोबत जाड पट्टा घ्यावा. काढायचं झालं तर रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून ओढायचं नाही, होल्स्टरसकट काढायचं, म्हणजे चाप झाकलेला राहतो. घरी आल्यावर थेट लॉकर, गोळ्या वेगळ्या, किल्ली मामाकडे. "रोज"च्या रकान्यात मी फुली मारली. मामाने चष्मा लावून सगळं वाचलं, फुलीवर बोट ठेवलं आणि वही मिटली.

लायसन्सची मुदत पुढच्या वर्षी संपतेय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती पाच वर्षांची झालीय, त्यामुळे आता रिन्यू केलं की मामा सत्तरीला टेकेपर्यंत प्रश्न नाही. फॉर्म मी प्रिंट काढून दिलाय. मामी म्हणते तो अजून फ्रीजवर पडून आहे, सही नाही. मामा मात्र रोज होल्स्टर लावून गाळ्यावर जातो. आत अजून पत्र्याचे तुकडेच आहेत. आणि सई धावत आली की तो आधी खाली बसतो.