कन्याशाळेची वाट

मे महिना सरत आला, की आमच्या कार्यालयातील शिक्के आणि दाखल्यांची वही यांना विश्रांती मिळत नाही. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला शिफारसपत्र, कोणाला बोर्डिंगच्या सिस्टरांसाठी चार ओळी. धरणापलीकडे नाथसागराचे पाणी उन्हाने मागे हटलेले असते आणि इकडे व्हरांड्यात बसलेल्या पैठण परिसरातील आईबापांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो : पोरीला आता कोणत्या शाळेत घालायचे?

असेच एक कुटुंब गेल्या उन्हाळ्यात आले. मुलगी सातवी उत्तीर्ण झाली होती आणि गावची शाळा तेथेच संपत होती. पुढे दोन वाटा होत्या. एक, बाजाराच्या गावातील हायस्कूल; मुलामुलींचे एकत्र, जाण्यायेण्यास एस. टी. आणि मुलींना पासही मोफत. दुसरी, सुमारे ५० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरात सिस्टरांची मुलींची शाळा व तिला जोडलेले वसतिगृह. बापाचा निर्णय झालेला होता.

“फादर, पोरापोरींची शाळा नको. दिवस वाईट आहेत. सिस्टरांकडं घाला, म्हणजे आमच्या जिवाला घोर नाही.”

आई गप्प होती. मुलगी खांबाला टेकून उभी होती. आम्ही लेखणी उचलली. परंतु हात थांबला. त्याचे कारण जुने आहे आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात आम्ही नवे होतो. एका गृहस्थाची मुलगी नववीत होती. शाळेच्या रस्त्यावर काही टवाळ मुले तिची छेड काढीत. बाप सल्ला विचारावयास आला. सेमिनरीतील वाचन ताजे होते. पोप अकरावे पायस यांनी १९२९ च्या आपल्या परिपत्रकात सहशिक्षणाविषयी नापसंती व्यक्त केली होती, हे आम्हाला तत्काळ आठवले. “त्या शाळेतून काढा आणि मुलींच्या शाळेत घाला,” असे आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले. त्याने काढले. मुलींची शाळा दूर होती, वसतिगृहात त्या वर्षी जागा नव्हती. ‘पुढल्या वर्षी पाहू’ असे ठरले. पुढल्या वर्षी आमच्या कानी आले ते तिच्या लग्नाचे वृत्त. ते मामाच्या गावी उरकण्यात आले होते. अठरा वर्षे भरण्यास अद्याप अवकाश होता.

आमच्या सल्ल्याचे दोन भाग होते. काढण्याचा भाग सोपा होता, म्हणून तो लगेच पाळला गेला. घालण्याचा भाग कठीण होता. तो राहून गेला. तो राहू नये म्हणून आम्ही काय केले? काहीच नाही. टवाळ मुलांच्या आईबापांकडे जाण्याचेही आम्हाला सुचले नाही. गुन्हा मुलांचा आणि शाळा सुटली मुलीची! शिवाय, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात शिक्षण हा प्रत्येकाचा अविच्छेद्य हक्क मानला आहे आणि शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य आईबापांना असावे असे म्हटले आहे, हेही आम्ही शिकलोच होतो. मात्र प्रसंगी आठवले ते तेवढे निषेधाचे.

वस्तुतः या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकारच तोकडा आहे. दहावीनंतर आमचे सारे शिक्षण पुरुषांच्याच संस्थांत झाले. त्याचा लाभ आम्ही नाकारीत नाही. शांतता लाभली, अभ्यास झाला, जिवाभावाचे सोबती मिळाले. परंतु निम्म्या मानवजातीविषयी आम्ही जे शिकलो ते ग्रंथांतून. एखादी माउली व्हरांड्यात येऊन रडू लागली, की उपदेश न करता नुसते ऐकावे कसे, हे आम्हाला फार उशिरा समजले. स्वतंत्र शाळा काही देते, तसे काही राखूनही ठेवते.

मग आपल्या महाराष्ट्रात मुलींच्या शाळा निघाल्या तरी कशासाठी? अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मुलींना शिकवीत राहिल्या. त्यांची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. १८८४ साली हुजूरपागेची शाळा उघडली. जेथे एकेकाळी पेशव्यांचे घोडे बांधले जात, तेथे मुली पाटीपुस्तक घेऊन बसल्या. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, ते प्रामुख्याने विधवांसाठी. या कोणीही मुलीला लपविण्यासाठी शाळा काढली नाही. अन्यत्र तिला बसण्यास जागाच नव्हती, म्हणून काढली. त्या भिंती बाहेरच्या दगडधोंड्यांना अडविण्यासाठी होत्या, आतल्या मुलीला कोंडण्यासाठी नव्हत्या. हा भेद आम्ही विसरलो, की कन्याशाळा ही शाळा न राहता पहारा होते.

पैठणकरांना हे अधिक सांगावयास नको. शुद्धिपत्रासाठी ब्रह्मवृंदापुढे याच नगरीत आलेल्या चार भावंडांत मुक्ताबाई सर्वांत लहान होती. ती शिकली ती भावांच्याच संगतीत. उलट, नाथमहाराजांच्या कन्येचे पुत्र मुक्तेश्वर कवी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहेत. ती कन्या स्वतः काय शिकली, हे मात्र आपण कधी विचारीत नाही.

आधुनिक संशोधकांनीही या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. २०१४ साली २१ देशांतील १८४ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यांत सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती होती. घरची परिस्थिती आणि आधीची गुणवत्ता लक्षात घेतली, तर स्वतंत्र शाळेचा लाभ अगदीच नगण्य दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे केवळ मुलींची आहे म्हणून एखादी शाळा चांगली ठरत नाही आणि एकत्र आहे म्हणून वाईटही ठरत नाही.

हे सारे मनात घोळत असता आम्हाला याईर आठवला. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील तो बाप. त्याची मुलगी बारा वर्षांची होती. आमच्या खांबापाशी उभ्या असलेल्या मुलीच्या जवळपासचीच. घरात तिच्याविषयी सगळे बोलत होते, रडत होते, निर्णय देऊन मोकळे झाले होते. प्रभूने तिचा हात धरला आणि तो तिच्याशी बोलला. मग तिला खावयास द्या, असेही त्याने सांगितले.

आम्ही लेखणी खाली ठेवली. “बाळ, तुला काय वाटतं?” असे विचारले.

तिने बापाकडे पाहिले, आईकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, “फादर, शाळा कोणतीबी चालंल. पण दहावीच्या आत काढू नका.”

बाप खाली पाहू लागला. आता आई बोलू लागली. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडण्यासाठी दोघे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ते पाडव्याच्या सुमारास परततात. मागल्या हंगामात मुलगी सोबत होती. फडावरच्या कोपीत तिने स्वयंपाक केला, धाकट्या भावाला सांभाळले आणि कशीबशी सातवीची परीक्षा दिली. एस. टी.चा पास मोफत असला, तरी ते पाच महिने एस. टी.त बसणार कोण?

तेव्हा कोठे खरा प्रश्न आमच्या समोर आला. मुले शेजारच्या बाकावर असावीत की नसावीत, हा तो नव्हताच. आईबाप फडावर असताना तिला दोन वेळचे जेवण, दिवा आणि वही कोठे मिळेल, हा होता. त्याचे उत्तर सिस्टरांचे वसतिगृह हेच होते. बापाने निवडलेली शाळा योग्य होती. कारण मात्र निराळे होते. आणि कारण निराळे असले, की पुढचे वागणेही निराळे होते. ज्याने भीतीपोटी शाळा निवडली, तो भीती वाढताच मुलीला घरी आणतो.

आम्ही शिफारसपत्र लिहिले. बापाच्या हाती देण्यापूर्वी त्याला म्हणालो, “तुमची लेक काय म्हणाली, ते तुम्हीही ऐकलंत. आता आम्हाला शब्द द्या.” तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दिला, फादर. पण धाकट्याला कोपीत कोण बघंल, ते बी तुम्हीच सांगा.” त्याचे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही. अद्यापही ते पुरते सापडलेले नाही. मुलगी सुटली, तरी तिच्या वाटचे काम उरतेच.

जूनमध्ये ती वसतिगृहात गेली. ती दहावीस बसेल ते वर्ष आम्ही दाखल्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे.