निराळा डबा

आयुष्यभर मी पगारदार. माझा कर हाती येण्यापूर्वीच कापला जातो, म्हणून त्याची हळहळ मला ठाऊक नाही. नंदुरबारचे माझे एक तरुण स्नेही सकाळी एका पेढीवर अर्धवेळ हिशेब लिहितात व दुपारी स्वतःचे मिरची कांडप चालवितात. पेढी कर कापते तो आपल्या पगारापुरता. कायदा मात्र दोन्ही मिळकतींची बेरीज मांडतो. कापलेला कर वजा जाता १०,००० रुपये वा अधिक देणे निघाले, तर ते सामान्यतः जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्चच्या १५ तारखेपर्यंत हप्त्यांनी आगाऊ भरावे लागते. चुकल्यास व्याज पडते. कांडपाची मिळकत पेढीस कळवून पगारातूनच जास्त कर कापविण्याची सोय आहे. पण ती त्यांस रुचली नाही. गल्ल्यातील काही रक्कम ते रोज निराळ्या डब्यात टाकतात. घरच्या अडचणीतही त्यास हात लावावयाचा नाही, हा नेम. मला वाटते, सरकारचे देणे खरोखर तेच देतात. माझ्याकडून ते केवळ घेतले जाते.