सढळ हाताने!

"सनस्क्रीन लावतेस?"

"रोज! तेही एसपीएफ ५०!" मी कॉलर ताठ केली.

"एक ट्यूब किती दिवस पुरते?"

"सात-आठ महिने आरामात."

स्किनच्या डॉक्टर मॅडम हसल्या. "मग तू लावतच नाहीस!"

झालं! दोन वर्षांच्या तपश्चर्येवर पाणी. मी गेले होते गालांवरचे तपकिरी डाग दाखवायला. वांग. आईलाही आहेत. ग्रुप फोटोत ती कायम मागच्या रांगेत का सरकते आणि लग्नकार्यात कुणी "चेहऱ्याला काहीतरी लाव गं" म्हटलं की गप्प का होते, हे मी लहानपणापासून बघतेय. त्यामुळे आरशात पहिला डाग दिसला तेव्हा खरं सांगते, पोटात गोळा आला होता.

मॅडमनी हिशेब मांडला. ट्यूबवरचा आकडा ठरतो, तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून. आपण लावतो त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. मग ५० चं संरक्षण मिळणार कुठून? चेहरा आणि मानेला तर्जनी आणि मधलं बोट भरून दोन रेघा, म्हणजे साधारण १ ग्रॅम लागतं. दिवसातून एकदा लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपायलाच हवी. आणि माझी? वाटाण्याएवढा ठिपका! फ्रीलान्सरचं मानधन कधी येईल याचा नेम नाही, म्हणून महागडी ट्यूब पुरवून पुरवून वापरत होते. काटकसर नडली ती अशी.

दुसऱ्या दिवशी दोन बोटं भरून लावलं, तर चेहरा रंगकामाआधीच्या गणपतीच्या मूर्तीसारखा पांढराफटक! मग युक्ती कळली. एकेक बोट, दोन हप्त्यांत लावायचं. कान आणि मानेची मागची बाजू विसरायची नाही. बाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटं लावायचं, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. आणि 'मी तर घरात बसून लिहिते' हीही पळवाटच. माझं टेबल खिडकीशी आहे आणि यूव्हीए किरण काचेतून खुशाल आत येतात.

आता मी परवडणारी ट्यूब घेते, पण सढळ हाताने लावते. यानं कुणी गोरं होत नाही, वांगही जादूनं जात नाहीत. मॅडमनी आधीच बजावलंय, औषधाने फिकट होतील, पण ऊन लागलं की परत डोकं वर काढतील.

परवा ट्यूब पिळून पिळून रिकामी केली. आई बघत होती. "दीड महिन्यात संपवलीस? उधळी कुठली!"

मी नवीन ट्यूब उघडली. आईने क्षणभर विचार केला आणि हळूच आपली दोन बोटं पुढे केली.